दाराबाहेरचा बाक

सागवानाचा, लांबट, पाठ असलेला जुना बाक आहे मी, मित्रांनो. माझं वय पन्नासच्या वर आहे. वाळवीनं माझा एक पाय कुरतडला आहे आणि दोन पावसाळ्यांनी माझा रंग नेला आहे. याबद्दल माझी कोणाकडेही तक्रार नाही. लाकूड जुनं व्हायचंच. माझी तक्रार दुसरी आहे. ती गोड करून सांगणं मला जमणार नाही.

वर्ध्याहून आंजी ओलांडून थोडं आत गेलं की एक लहान गाव लागतं. गावाच्या टोकाला ख्रिस्ती मंडळींची बारा-पंधरा घरं आणि एक देऊळ आहे. हो, आमच्याकडचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणायचे. आता त्यावरची कौलं जाऊन पत्रे आले, आत फरशी आणि खुर्च्या आल्या, भिंतींना गुलाबी रंग आला. पण माझ्या जन्माच्या वेळी तिथे शेणानं सारवलेली जमीन होती आणि सगळे सतरंजीवर बसायचे. म्हाताऱ्यांना खाली बसता येत नसे. ते भिंतीला टेकून उभे राहायचे. तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, तानबा सुताराला सांगितलं, "ज्याइले खाली बसता येत नाई, त्याइच्यासाठी बाक कर."

तानबा तेव्हा पंचविशीचा होता. हिंगणीकडचं सागवान आणून त्यानं चार बाक घडवले. चौघांत मी शेवटचा. एकही खिळा न ठोकता त्यानं लाकडात लाकूड बसवलं, रंधा मारून मारून माझी पाठ गुळगुळीत केली आणि जवसाचं तेल चोळलं. तेल चोळताना तो स्वतःशीच म्हणाला होता, "यावर कोन बसन ते देव जाने. पण बसनाऱ्याले टोचाले नाई पाहिजे."

मित्रांनो, मग माझी चांगली वर्षं आली. माझ्यावर नवऱ्या मुली बसल्या, बारशाची बाळं झोपली. नाताळात पोरं माझ्यावर चढून आकाशकंदील बांधायची आणि पाळकसाहेब खोटंखोटं रागवायचे. पेटी वाजायची, टाळ वाजायचे, सगळे मिळून भजन म्हणायचे. उपासना म्हणजे हेच, असं मला वाटायचं. गाणं, प्रार्थना, प्रवचन, आशीर्वाद आणि मग घरोघर भाताचा वास. माझी समज लाकडाएवढीच होती.

ती समज वाढवली आनंदाबाईनं.

साधारण तीस वर्षांपूर्वी ती या गावात आली. तिला कुष्ठरोग झाला होता. रोग कळला तेव्हा नवऱ्यानं घराबाहेर काढलं. पुढे औषध मिळालं आणि ती पूर्ण बरी झाली. रोग गेला, पण वाकडी झालेली बोटं सरळ झाली नाहीत, आणि तळपाय बधिर झाले ते झालेच. वस्तीच्या शेवटच्या खोलीत ती एकटी राहू लागली. देऊळ झाडायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं. बोटांत खराटा धरता येत नसे, म्हणून चिंधीनं तो मनगटाला बांधायची. मला पुसताना फडकं मुठीत नाही, मनगटाखाली दाबून फिरवायची. माझ्या पाठीवर तिच्या मनगटाचं हाड मला अजून जाणवतं.

झाडताना ती प्रार्थना करायची. तिच्या प्रार्थनेत मोठे शब्द नसत. नुसती माणसांची नावं आणि त्यांची दुखणी असत. "देवा, प्रफुल पास्टरच्या लेकराचा खोकला जाऊ दे. तानबाभाऊच्या डोळ्याले दिसू दे. लीनाची परीक्षा पास होऊ दे." एक बाक झाडून झाला की एका घरातली माणसं संपायची.

अण्णाजींच्या घराची पाळीही रोज यायची. अण्णाजी वर्ध्याला एका कार्यालयात बाबू होते. शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची बायको आठ महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हा रोज सकाळी तिची कूस बदलायला, अंग पुसायला, घाण काढायला आनंदाबाई जायची. पैसे घेतले नाहीत. शेवटचा घोट पाणीही त्या बाईनं तिच्याच हातून घेतलं, असं अण्णाजींनीच माझ्यावर बसून एकदा रडत सांगितलं होतं. तेव्हा त्या वाकड्या बोटांची भीती कोणालाच वाटली नाही.

पुढे अण्णाजी निवृत्त झाले आणि देवळाच्या मंडळीचे सेक्रेटरी झाले. वर्ध्याकडून दोन-तीन नवी कुटुंबं मोटारीनं उपासनेला येऊ लागली. त्यांतल्या कोणीतरी काहीतरी विचारलं असावं. नीट कोणी काय विचारलं ते मला ठाऊक नाही. पण एका रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली, आणि ती माझ्या शेजारीच बसली. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेताना, आमच्याकडे सगळे एकाच प्याल्यातून पीत असत. अण्णाजी म्हणाले की आता प्रत्येकाला लहान वेगळा प्याला द्यावा. ते ठीकच होतं. मग ते म्हणाले, "आनंदाबाईनं आपला प्याला घरून आनावा. आन् मांगच्या बाकावर बसावं. तिथं दुसरं कोनी बसनार नाई."

लीना उठून उभी राहिली. परीक्षा पास झालेली तीच लीना. आता सावंगीच्या दवाखान्यात नर्स होती आणि दर रविवारी गाणं म्हणायची. "अण्णाजी, मावशी पूर्न बऱ्या झाल्या हायेत. औषध झाल्यावर हा रोग कोनाले लागत नाई. मी सांगतो ना तुमाले, माहं तर कामच हे हाये."

"मले माहीत हाये, पोरी," अण्णाजी शांतपणे म्हणाले. "पन लोकाइच्या मनात येते ना. लोकच आले नाई तं उपासना कोनासाठी करता?"

लीनानं पास्टरांकडे पाहिलं. प्रफुल पास्टर तरुण होते, भले होते आणि भित्रे होते. ते हातातला कागद वाचत राहिले. कागद कोरा होता. माझ्या बाजूनं मला दिसत होतं. लीना खाली बसली.

मागचा तो बाक म्हणजे मी.

आनंदाबाईला सांगायला कमिटीतलं कोणी गेलं नाही. तानबाला पाठवलं. ती हसली म्हणे. दुसऱ्या रविवारी ओच्यात स्टीलचा छोटा प्याला घेऊन आली आणि माझ्यावर बसली. तीन माणसांची जागा आणि त्यावर ती एकटी. शेजारच्या खुर्च्या लोकांनी हळूच वीतभर सरकवून घेतल्या. फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज किती मोठा होतो, हे ज्याच्यापासून ती सरकते त्यालाच कळतं.

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला लोकांनी कापूस, तुरीच्या शेंगा, पपया, कोंबड्या आणल्या. उपासनेनंतर आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. पपईवर हसतखेळत बोली लागली. आनंदाबाईनं खोलीमागे लावलेली अंबाडी आणली होती, ओल्या चिंधीत बांधून. तिच्यावर कोणी बोलेना. पुकारणारा दोनदा ओरडला आणि त्यानं जुडी टेबलाखाली ठेवून दिली. तानबा उठला, टेबलाखालून ती उचलली आणि पिशवीत घातली.

मग देवळाची पन्नास वर्षं पूर्ण झाली. त्यासाठी व्यासपीठ बांधलं, मोठे स्पीकर आणले, निळे-जांभळे दिवे लावले. बाहेरगावचे पाहुणे येणार होते. जुने तीन बाक वाळवीनं आधीच गेले होते. उरलेला मी नव्या खुर्च्यांत शोभत नव्हतो. कार्यक्रमाच्या सकाळी चौघांनी मला उचललं आणि दाराबाहेर, निंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं.

आनंदाबाई काठी टेकत आली. आत डोकावली. आपली जागा तिला दिसेना. दारात अण्णाजी पाहुण्यांना गुलाबाचं फूल देत होते.

"बाई, आज बाहीरच बसा. तुमचा बाक तिथंच ठेवला हाये. पाव्हने हायेत ना आज."

"बरं," ती म्हणाली. फूल तिला मिळालं नाही.

ती माझ्यावर बसली. आत टाळ्या झाल्या, भाषणं झाली. मग प्रभुभोजनाची वेळ आली. ओच्यातला प्याला काढून तिनं हातात धरला. भाकर वाटणारा पोरगा दारापर्यंत आला, आत मोजून पाहिलं आणि परत फिरला. तिच्यापर्यंत कोणी आलंच नाही.

पहिल्या रांगेत तानबा बसला होता. जुने बाक त्याने केले म्हणून त्याला शाल द्यायची होती. पंचाहत्तरीचा झाला होता, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. त्याला भाकर मिळाली, त्यानं ती खाल्ली नाही. मागे वळून पाहिलं. मी तिथे नव्हतो आणि तीही नव्हती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात प्याला, असा तो रांगेतून उठला आणि सगळ्यांच्या देखत चालत बाहेर आला. माझ्यावर तिच्या शेजारी बसला. अगदी लागून.

"हे घे," तो म्हणाला आणि तुकड्याचे दोन तुकडे केले. आपल्या प्याल्यातला अर्धा रस तिच्या प्याल्यात ओतला.

"तानबाभाऊ, आत जा ना. शाल देऊन राह्यले तुमाले."

"थंडी कुठं पडली शाल घ्याले?" तानबा म्हणाला.

आत स्पीकरवर तीनदा त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढं जड प्रभुभोजन मी दुसरं पाहिलं नाही. आत त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. उपासना मात्र बाहेर झाली, एवढं मी सांगू शकतो.

त्यानंतर मला आत नेलंच नाही. दर रविवारी दोघं बाहेरच माझ्यावर बसू लागली. पाऊस आला की तानबा छत्री धरायचा. आत सगळ्यांना ते दिसत होतं. काहींना वाईटही वाटायचं. मग वाईट वाटून ते घरी जायचे.

आता तो रविवार सांगतो.

भाद्रपद होता. झाडताना बाभळीचा काटा आनंदाबाईच्या तळपायात गेला. पाय बधिर, तिला कळलंच नाही. चार दिवस ती तशीच चिखलातून हिंडली. त्या रविवारी आली ती पाय ओढत, पायाला लुगड्याचा तुकडा गुंडाळून. माझ्यावर बसली आणि मग आडवी झाली. तिचं अंग थडथडत होतं. माझा कुरतडलेला पाय त्या थरथरीनं जमिनीवर वाजत होता.

तानबानं चिंधी सोडली. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता.

"अवं, अंग तव्यावानी तापून राह्यलं तुयं! काऊन आली अशी?"

"काल देऊळ झाडाचं राह्यलं होतं ना," ती म्हणाली. "उपासना होऊ द्या. मंग दवाखान्यात जाऊ."

तानबाकडे मोबाईल नव्हता. गेटापाशी अण्णाजींची मोटार उभी होती. तो दाराकडे गेला. त्या दिवशी आत आराधनेच्या सप्ताहाचा शेवट होता आणि मोबाईलवर त्याचं थेट प्रसारण चाललं होतं. दारात अण्णाजीच उभे होते.

"अण्णाजी, गाडी पाहिजे. आनंदाले सावंगीले न्या लागते. पाय सडून राह्यला तिचा."

"हळू बोला. लाइव चालू हाये."

"चाबी द्या. कोनीबी चालवन."

"पंधरा मिनिटं, तानबाजी. आशीर्वाद झाला का मी स्वतः नेतो. देवाच्या घरातून असं मधातच उठून जाता येते का?"

तानबा दोन पावलं आत शिरला आणि पास्टरांकडे पाहून त्यानं दोन्ही हात जोडले. पास्टर तेव्हा बायबलातली, विहिरीवर भेटलेल्या परक्या जमातीच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगत होते. तिनं येशूला विचारलं होतं, उपासना कुठे करायची, आमच्या या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमात? आणि येशूनं तिला सांगितलं होतं की जागेचं काही नाही, देवाला आत्म्यानं आणि खरेपणानं भजणारे हवे आहेत. पास्टरांनी तानबाला पाहिलं. त्याचे जोडलेले हात पाहिले. बोलता बोलताच त्यांनी आपला पंजा थोडा वर केला. थांबा, असा. आणि पुढे बोलत राहिले.

अण्णाजींनी तानबाला हळूच बाहेर केलं आणि दार लोटून घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नाही. बाहेरचा आत येऊ नये म्हणून.

प्रवचनानंतर गाणं सुरू झालं. लीना व्यासपीठावर गात होती, ते स्पीकरवरून बाहेर ऐकू येत होतं. शेवटचं कडवं लोकांनी पुन्हा मागितलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा मागितलं. माझ्यावर आनंदाबाई पुटपुटत होती. मला वाटलं, पाणी मागते आहे. पण ती नावं घेत होती. तापात नावांची सरमिसळ झाली होती. "अण्णाजीच्या गुडघ्याले... लीनाच्या आईले..." तानबा आपल्या धोतराच्या सोग्यानं तिचं कपाळ पुसत होता आणि दाराकडे पाहत होता.

पंधरा मिनिटांचा सव्वा तास झाला.

अण्णाजींनी शब्द पाळला, हं. आशीर्वाद झाल्याबरोबर ते गाडीकडे धावले. आधी मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं, मग दार उघडलं. लीना बाहेर आली, तिनं तो पाय पाहिला. ती मागे बसली, आनंदाबाईचं डोकं मांडीवर घेऊन. गाडी गेली. माझ्यावर एक ओला डाग राहिला आणि स्टीलचा प्याला राहिला.

डॉक्टरांनी दोन दिवस खूप खटपट केली. पण विष रक्तात भिनलं होतं. मंगळवारी पहाटे ती गेली. लीनानं हे सगळं तानबाला माझ्यावर बसूनच सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तानबाकाका, डॉक्टरनं मले विचारलं, थोडं आधी काऊन नाई आनलं? मी काय सांगू? मी वीस पावलावर गाऊन राह्यलतो. डोळे मिटून."

तानबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अंत्यविधी थाटात झाला. फुलं आली, हार आले. तिची उघडी शवपेटी देवळात अगदी पुढे, व्यासपीठाला लागून ठेवली. दार सताड उघडं होतं, म्हणून मला सारं दिसत होतं. नवी कुटुंबंही आली होती. एकेक जण पुढे जाऊन पेटीवर हात ठेवत होता, डोळे पुसत होता. अण्णाजी तिच्या सेवेबद्दल बोलले. बायकोला तिनं कसं सांभाळलं, ते त्यांनी सगळ्यांपुढे सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. वाईट असते तर मला हे सहन झालं असतं.

तानबा शेवटी पुढे गेला. तिच्या कपाळावर हात ठेवून त्यानं वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"आता लागत नाई का तिचा रोग?" त्यानं विचारलं.

या वेळी एकही खुर्ची सरकली नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्रफुल पास्टर वेदीपाशी उभे राहिले. भाकर हातात घेतली आणि तशीच धरून राहिले. मग त्यांचा आवाज बाहेर आला. "अर्पण घेऊन वेदीपाशी आलास, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं आपला प्रभू सांगतो. त्या दिवशी मी हात वर केला. तो हात सगळ्यांनी पाहिला. त्याच हातानं आज मी तुम्हाला भाकर देऊ शकत नाही."

त्यांनी भाकर ताटात ठेवली, व्यासपीठावरून उतरले आणि बाहेर आले. तानबा माझ्यावर एकटाच बसला होता. पास्टर त्याच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसले.

"तानबाजी, मला माफ करा."

"मले कायले मांगता?" तानबा म्हणाला. "जिले मांगाची होती, थे गेली. उठा. पाय भरला चिखलानं."

आतून लीना आली. तिच्यामागे आणखी चार-पाच जण आले आणि झाडाखाली उभे राहिले. बाकीचे बसून होते. थोड्या वेळानं अण्णाजींचा आवाज आला. त्यांनी स्वतः समाप्तीची प्रार्थना म्हटली आणि उपासना संपवली. महिन्याच्या आत प्रफुल पास्टरांची दूरच्या एका गावी बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

आता आमच्याकडे नवे पास्टर आहेत. स्पीकर आणखी मोठे झाले आहेत. आतल्या भिंतीवर आनंदाबाईच्या नावाची संगमरवरी पाटी बसली आहे. मंडळीची निष्ठावंत सेविका, असं तिच्यावर कोरलं आहे. माझ्यावर लोक चपला ठेवतात.

लीना आणि तानबा रविवारी इथे येत नाहीत. तिच्या स्कूटीवर मागे बसून तो जातो. आठ-दहा मैलांवर बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यांची एक वस्ती आहे. लीना तिथे त्यांच्या पायांच्या जखमा धुते, पट्ट्या बांधते. तानबा त्यांच्या बधिर पायांच्या मापानं, आत मऊ रबर बसवून, लाकडी खडावा आणि बसायला पाट करून देतो. दर रविवारी, याच वेळेला. इकडे अण्णाजी हजेरीचं रजिस्टर उघडतात आणि दोघांच्या नावापुढे नियमानं लिहितात, 'उपासनेस गैरहजर'.

मित्रांनो, माझी दुरुस्ती करू नका, मला रंग देऊ नका. येत्या थंडीत मला कोणी शेकोटीत घातलं तरी चालेल. निदान कोणाच्या तरी हाताला ऊब मिळेल. पण तुम्ही कधी देवापुढे डोळे मिटून गात असाल आणि दारात कोणी हात जोडून उभं राहिलं, तर गाणं तिथेच, शब्दाच्या मधोमध सोडा आणि धावत जा. उरलेलं कडवं देव मागणार नाही. तो आधीच बाहेर गेलेला असेल.